शेवटच्या 'व'ची सावली

१

कुसाबाई चहाचा थर्मास परत न्यायला आली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. परांचीभोवती बांधलेली हिरवी जाळी तिने बाजूला सारली आणि तिची किंकाळी पार ओढ्याकाठच्या प्लॉटमधल्या बायकांपर्यंत गेली.

चिंतामण पेंटर भिंतीच्या पायथ्याशी पडलेले होते. डोकं दगडावर आपटलेलं, रक्त केव्हाच काळं पडलेलं. वर अठरा फुटी भिंतीवर, माणसाएवढ्या अक्षरांत, नाव मात्र पुरं झालेलं होतं: शिवारवैभव.

दिंडोरीच्या पुढे द्राक्षबागांच्या मधोमध ही वाइनरी आहे. मालकांना फ्लेक्स नको होता. त्यांना जुन्या पद्धतीची उठावाची अक्षरं हवी होती. सपाट भिंतीवर नुसत्या रंगाने काढलेली, तरी दगडातून कोरून बाहेर काढल्यासारखी दिसणारी. अशी अक्षरं काढणारे या भागात आता दोघंच उरले होते: म्हसरूळचे चिंतामण खैरनार आणि त्यांची सव्वीस वर्षांची मुलगी निकिता.

पोलिसांनी पंचनामा केला. सदुसष्ट वय, डिसेंबरची थंडी, सकाळपासून पोटात नीट काही नाही, चक्कर आली असेल, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. निकितानेही तेच धरलं. आई लहानपणीच गेलेली, आता आप्पाही गेले. 

चौथ्या दिवशी सकाळी फौजदार स्नेहल गांगुर्डे घरी आल्या. आप्पांचे रंगाचे डबे बाजूला सारून त्या बसल्या आणि म्हणाल्या, "निकिता, शवविच्छेदनाचा अहवाल आलाय. तुझ्या वडिलांच्या दोन्ही दंडांवर वळ आहेत. कुणीतरी समोरून घट्ट धरल्याचे."

"म्हणजे?"

"म्हणजे ते पडले नाहीत."

२

 परांचीवरच्या त्या अरुंद फळीवर, जाळीच्या आत, आप्पांच्या समोर कुणीतरी उभं होतं. ते चित्र निकिताच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"एवढ्या अक्षराची शेड करायला त्यांना किती वेळ लागायचा?" स्नेहलमॅडमनी विचारलं.

"दोन तास. अडीचसुद्धा. गडद आणि फिका रंग ओला असतानाच एकमेकांत मिसळावा लागतो. घाई चालत नाही."

"मग ऐक. दहाला कुसाबाईने चहा दिला, तेव्हा शेवटच्या 'व'ला नुसता तांबडा रंग होता, शेड नव्हती. प्रेत सापडलं तेव्हा शेड पूर्ण होती. म्हणजे बारापर्यंत तरी ते जिवंत होते. डॉक्टर म्हणतात, मृत्यू दहा ते दोनच्या दरम्यान. उरले बारा ते दोन. त्या वेळेत गेटच्या वहीत बाहेरच्या एकाच माणसाचं नाव आहे. रुद्र अहिरे."

"रुद्रदादा?" निकिताने विचारलं.

रुद्र आप्पांचा जुना शिष्य. बारा वर्षं त्यांच्या हाताखाली काढून त्याने सिन्नरला फ्लेक्सचं दुकान टाकलं होतं. गेल्या महिन्यात तो घरी आला होता. आप्पांच्या अक्षरांच्या वह्या त्याला हव्या होत्या, कॉम्प्युटरवर चढवायला. आप्पांनी साफ नकार दिला. जाताना रुद्र दारातून ओरडला होता, "मग ठेवा उराशी! तुमच्याबरोबरच मरतील ती अक्षरं!" सगळ्या गल्लीने ऐकलं होतं.

दुपारी पोलीस ठाण्यात रुद्र समोर आला तेव्हा निकिता नकळत दोन पावलं मागे सरकली.

"मी माफी मागायला गेलो होतो," तो म्हणाला. दाढी वाढलेली, डोळे लाल. "खालून तीनदा हाक मारली. आप्पा, ओ आप्पा. उत्तर नाही. वाटलं, अजून रागावलेत. जाळीच्या आत डोकावायचं धाडसच झालं नाही गं. निघून आलो."

"आणि ते आतच होते," स्नेहलमॅडम म्हणाल्या.

रुद्रने दोन्ही हातांत तोंड लपवलं. निकिता त्याच्या हातांकडे बघत राहिली. रुंद, मजबूत हात. दंड घट्ट धरू शकणारे.

बाहेर आल्यावर तिचा फोन वाजला. वाइनरीचे मॅनेजर महेश बोलत होते.

"ताई, तुमच्या वडिलांचं, बापूंचं सामान अजून परांचीवरच आहे. घेऊन जाता का? पोलिसांचे फोटो काढून झालेत, उद्या सकाळी त्या भिंतीला चुना मारून घेतोय. मालकांच्या घरचे म्हणतात, अशुभ झालंय ते नाव."

३

दुसऱ्या दिवशी सकाळच्याच एसटीने निकिता निघाली. चुना लागण्याआधी आप्पांचं शेवटचं काम तिला बघायचं होतं. स्नेहलमॅडमची नाशिकला कोर्टात तारीख होती. "दुपारनंतर बरोबर जाऊ," त्या म्हणाल्या होत्या, पण दुपारपर्यंत भिंत राहणार नव्हती.

महेश पन्नाशीचे, मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांनी ऑफिसात बसवून पाणी दिलं. चुना मारणारी माणसं यायची होती अजून. मालकांचा मुलगा राज तिथेच होता. पुण्याला चित्रकला शिकलेला, हे नाव काढायची कल्पना त्याचीच. "मी त्या दिवशी सकाळी नऊपासून विंचूरला होतो, मशीनवाल्यांबरोबर. संध्याकाळी आलो तर हे असं," तो म्हणाला, आणि बाहेर निघून गेला.

"तुम्ही कुठे होतात?" निकिताने महेशना विचारलं.

"मी अकराला नाशिकला गेलो. बँकेत, मग मार्केट कमिटीत, मग जेवण. पोलिसांनी सगळं तपासून घेतलंय. निघताना भेटलो की बापूंना. बागेत गंधकाची धुरळणी सुरूच होत होती, ट्रॅक्टर समोरून आला. मी खालून म्हटलं, बापू, धूळ उडतेय, थांबा जरा. तर म्हणाले, आत्ताच शेडचा ब्रश हातात घेतलाय, हे अक्षर संपवूनच उतरतो." महेशनी सुस्कारा सोडला. "कामाचा माणूस. तो फ्लेक्सवाला नंतर येईल हे कुणाला माहीत होतं?"

निकिताने मान हलवली. तरी काहीतरी टोचलं. आप्पा धुळीत काम करत नसत. रस्त्यावरून बैलगाडी जरी गेली तरी ओल्या अक्षरावर मेणकापड टाकून खाली बसणारा माणूस तो.

"मी वर जाऊन सामान घेते," ती म्हणाली.

"मी माणूस पाठवतो ना. तुम्ही कशाला वर?"

"सवय आहे मला."

  

४

परांचीकडे जाताना वाटेत कुसाबाई भेटली. सुरगाण्याकडची, साठीला टेकलेली, हातात छाटणीची कात्री. निकिताला बघून तिने डोळ्याला पदर लावला.

"लय भला मानूस व्हता गं तुझा बाप. मला म्हनायचा, कुसाबाय, तुझ्या नावाची पाटी काढून देतो, खोपीला लाव."

"मावशी, त्या दिवशी चहा दिलात तेव्हा काय बोलले?"

"काय नाय. च्या घेतला. मग इचारलं, मागल्या आवारात विहीर व्हती ना? म्या म्हनलं, हाय की, कोरडी हाय. तिकडं आमाला जाऊ देत नाय, कुलूप असतंय." ती थांबली. "मग खालच्या पलाटात गेलो आमी. म्हेश सायब म्हनला, आज सगळ्या बाया तिकडंच जावा, हितं पावडर उडंल."

"किती वाजता गेलात?"

"च्या झाल्या झाल्या. धाला."

"आणि धुरळणी?"

"ती अकराला. आर्ध्या तासात झाली बी. मग हवा साफ." कुसाबाईने कात्री कमरेला खोचली. "माझा नाथा आसता तर त्यानंच चालवला आसता ट्रॅक्टर."

"नाथा कोण?"

"ल्योक माझा. हितंच कामाला व्हता. पंधरा दिस झाले, न सांगता गुजराथला गेला. म्हेश सायबानं सांगितलं, जादा पगार भेटला म्हनून गेला. फोन बी उचलत नाय." तिचा आवाज कडक झाला. "आईला सांगावं वाटलं नाय त्याला."

ती बागेत निघून गेली. परांचीजवळ आता कुणीच नव्हतं. हिरवी जाळी वाऱ्याने फुगत होती आणि पुन्हा भिंतीला चिकटत होती, आत कुणी श्वास घेत असल्यासारखी.

५

जाळीत शिरताना निकिताने खालच्या दगडाकडे बघायचं टाळलं. ती शिडी चढली. फळीवर आप्पांची पिशवी, रंगाचे डबे, झाकणांत वाळून गेलेल्या शेडा. पिशवीत मेणकापड होतं. घडी न मोडलेलं.

ती अक्षरांकडे वळली. शि, वा, र, वै, भ. एकेक अक्षर भिंतीतून बाहेर आलेलं, हात लावून कड धरावी असं. आणि शेवटचा 'व'.

खालून तो नीट दिसला होता. हातभर अंतरावरून बघताना मात्र तिला चूक दिसली. तो 'व' बाहेर येत नव्हता. त्याचं पोट भिंतीत आत रुतत होतं, खड्ड्यासारखं.

आप्पांनी तिला आठव्या वर्षी शिकवलेली पहिली गोष्ट ही होती. अक्षराची प्रत्येक रेघ म्हणजे घराचं छप्पर, तिला दोन उतार. उजेड नेहमी डावीकडून वरून येतो. डावा उतार उजळ, उजवा काळोखा. 'व'च्या पोटातल्या गोलात नवशिका हमखास फसतो. गोलाची डावी कड काळोखी हवी, कारण तो डाव्या रेघेचा उजवा उतार. उजवी कड उजळ हवी, कारण तो दांड्याचा डावा उतार. 'वा'मध्ये आणि 'वै'मध्ये अगदी तसंच होतं. इथे मात्र सगळा गोल आतून काळा केलेला. आतली बाजू म्हणजे अंधार, एवढंच ज्याला कळतं, त्याने रंगवलेला.

हे आप्पांचं काम नव्हतं.

आणि रुद्रचंही नाही. आप्पांनी त्याच्याकडून वर्षभर नुसता 'व' गिरवून घेतला होता. झोपेत रंगवला असता तरी त्याच्या हातून ही चूक झाली नसती. चित्रकला शिकलेल्या राजकडूनही नाही.

तिने बोट फिरवलं. बाकीची अक्षरं काचेसारखी गुळगुळीत होती. हा 'व' खरखरीत लागला. काळ्या शेडमध्ये बारीक पिवळे कण रुतले होते, वरपासून खालपर्यंत, सगळ्या अक्षरभर. गंधक.

निकिताने परांचीचा बांबू घट्ट धरला. धुरळणी अकरा ते साडेअकरा. पावडर रुतायला रंग ओला हवा. सगळ्या अक्षरभर रुतली, म्हणजे अकरा वाजता सगळं अक्षर रंगवून झालेलं होतं. दहाला नुसतं तांबडं, अकराला पूर्ण. आप्पांना दोन तास लागणारं काम कुणीतरी तासाभराच्या आत उरकलं होतं, वेळ पुढे ढकलायला. आप्पा दुपारपर्यंत जिवंत होते असं सगळ्यांना वाटावं, आणि त्या वेळी आपण नाशिकला असावं, म्हणून.

अकरा वाजता आप्पांनी "आत्ताच ब्रश हातात घेतलाय" असं म्हटल्याचं एकाच माणसाने सांगितलं होतं. दहानंतर आप्पांना जिवंत पाहिल्याचं सांगणाराही तो एकटाच होता. बायकांना लांबच्या प्लॉटमध्ये पाठवणाराही तोच.

तिने फोटो काढले, स्नेहलमॅडमना पाठवले आणि फोन लावला.

"मॅडम, रुद्रदादा नाही. महेश." तिने भराभर सगळं सांगितलं.

मॅडमनी विचारलं, "पण का, निकिता? त्याला कारण काय?"

निकिताने मान वर केली. फळीवर उभं राहिलं की डोकं भिंतीच्या वर निघत होतं. पलीकडे मागचं आवार होतं, रस्त्यावरून किंवा बागेतून कुठूनच न दिसणारं. कोपऱ्यात जुन्या विहिरीचा दगडी कठडा होता. आत पाणी नव्हतं, अंधारही नव्हता. काठोकाठ ताजी लाल माती भरलेली होती, वर द्राक्षाचा चोथा पसरलेला. कठड्यापाशी एक प्लास्टिकची चप्पल उलटी पडली होती.

मागल्या आवारात विहीर होती ना, एवढंच आप्पांनी विचारलं होतं. कुसाबाईला विचारलं, आणि त्याच सकाळी बहुतेक आणखी एकाला.

"तिथून उतर," स्नेहलमॅडम म्हणत होत्या. "मी दिंडोरीची गाडी पाठवतेय. वीस मिनिटं. तू आत्ता उतर आणि रस्त्यावर जाऊन उभी राहा."

खाली जाळी सरकली.

"सामान मिळालं का, ताई?" महेशनी विचारलं.

६

ते शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून उभे होते.

"मिळालं," निकिता म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "उतरतेय. तुम्ही बाजूला व्हा."

"कुणाशी बोलत होता?"

"घरी."

"घरी कोण आहे तुमच्या?" आवाज तसाच मऊ होता. "बापूंनी सांगितलं होतं मला. तुम्ही दोघंच."

ते एक पायरी चढले. मग दुसरी. शिडी करकरली. निकिता फळीच्या दुसऱ्या टोकाला सरकली. तिथे पुढे हवा होती आणि खाली दगड. ओरडली तरी जाळीत कोण बघणार? चक्कर आली, बापामागोमाग पोरगीही गेली, असं दोन दिवस लोक म्हणतील. 

महेशचं डोकं फळीच्या पातळीला आलं. तिच्या पाठीमागच्या आवाराकडे त्यांची नजर गेली आणि पुन्हा तिच्याकडे आली. तिने काय पाहिलं ते त्यांना कळलं होतं.

तेवढ्यात बागेतून बायकांचे आवाज आले. जेवायची सुट्टी झाली होती. निकिताच्या डोक्यात एकच गोष्ट लखकन आली. आप्पांनी जे पाहिलं ते फक्त आप्पांना माहीत होतं, म्हणून ते मेले. तिने दोन्ही हातांनी जाळीची दोरी तोडली. हिरवं कापड फडफडत खाली गेलं आणि परांची सगळ्या बागेसमोर उघडी पडली.

"कुसामावशी!" ती जीव खाऊन ओरडली. "मागची विहीर बुजवलीय! सगळ्यांनी ऐका! ताजी माती आहे! आप्पांनी ती बघितली म्हणून यानेच त्यांना ढकललं!"

बारा-पंधरा बायका जागच्या जागी थांबल्या. महेश शिडीवर तसेच गोठले, एक हात फळीवर.

"काहीतरी बडबडतेय पोरगी," ते मोठ्याने म्हणाले. "बाप गेलाय, डोक्यावर परिणाम झालाय."

 मग कुसाबाई पुढे आली. तिच्या हातातला डबा खाली पडला.

"विहीर कवा बुजवली?" तिने महेशना विचारलं.

"मावशी, तुम्ही जेवायला जा."

"सायब, माझा नाथा शेवटचा दारूची टाकी धुवायला गेला व्हता. तुमीच धाडला व्हता त्याला." ती अगदी हळू बोलत होती. "त्या दिसापून तो गुजराथला हाय."

 कुसाबाईने पाठ फिरवली आणि कुलूप लावलेल्या फाटकाकडे चालायला लागली. एकेक करत सगळ्या बायका तिच्यामागे गेल्या. चौघी मात्र थांबल्या, शिडीभोवती, छाटणीच्या कात्र्या हातात घेऊन. कुलपावर दगडाचे घाव ऐकू यायला लागले तेव्हा महेश शिडीवरून उतरले आणि खाली मातीतच बसले. पोलिसांची गाडी येईपर्यंत ते उठले नाहीत.

नंतर त्यांनी सगळं सांगितलं. वाइन आंबवायच्या बंद टाकीत जीवघेणा गॅस साठलेला होता. हवा न तपासता त्यांनी नाथाला आत उतरवलं आणि तो दोन मिनिटांत कोसळला. नोकरी जाईल, तुरुंग होईल, या भीतीने त्यांनी त्याला कोरड्या विहिरीत टाकलं आणि स्वतः ट्रॉलीने माती ओतली. चिंतामण पेंटरने वरून सहज विचारलं, "महेशराव, विहीर का बुजवली हो?" आज ना उद्या हा माणूस दुसऱ्या कुणाला विचारेलच, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं. बायका गेल्यावर ते परांचीवर चढले. नंतर झाकणांतल्या तयार शेडा समोर दिसल्या आणि वेळ चुकवायची युक्ती सुचली.

पण हे सगळं नंतर. त्या दुपारी मागच्या आवारात माती उपसायचं काम चाललं होतं. स्नेहलमॅडम नाशिकहून येऊन पोहोचल्या होत्या. रुद्रही आला होता. तो लांब भिंतीपाशी उभा होता. निकिताने त्याच्याकडे बघितलं आणि शरमेने मान खाली घातली. तो जवळ आला, तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

कुसाबाई चप्पल मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती. तिला तिथून हलवायचा पोलिसांनी दोनदा प्रयत्न केला, मग सोडून दिला. निकिता तिच्या शेजारी जाऊन बसली. 

चार वाजता खालून एका माणसाने हात वर केला आणि फावडी थांबली.

कुसाबाई उठली नाही. विहिरीकडे बघत ती म्हणाली, "पंधरा दिस रागावले व्हते गं मी त्याच्यावर. फोन उचलत नाय म्हनून शिव्या घालत व्हते."

निकिताने तिचा हात हातात घेतला. कात्रीने घट्टे पडलेला, थंडगार हात. दोघी उठल्या आणि एकमेकींना धरून कठड्यापर्यंत चालत गेल्या.